जुन्या घराला नवी खोली : सांध्याचा हिशोब

कोडोलीतून वारणानगरच्या बाजूला निघालं की रस्त्यालगतच्या घरांच्या गच्च्यांवर एक दृश्य हटकून दिसतं. कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर दोन-दोन फूट उघड्या, तांबूस गंज चढलेल्या. ते अर्धवट राहिलेलं काम नव्हे, तो घरमालकाचा पुढचा बेत आहे. पोराचं लग्न ठरलं, की वर मजला चढवायचा. पन्हाळा तालुक्यातल्या या मोठ्या बाजारपेठेच्या गावात आणि आसपासच्या वारणा खोऱ्यात घर एका दमात पुरं होत नाही, कारण पैसाही एका दमात येत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना आणि त्यामागून १९६८ मध्ये आलेला दूध संघ यांनी या भागात दोन तऱ्हेचा पैसा आणला : दुधाचा थोडा-थोडा, घरखर्चात जिरणारा आणि उसाच्या बिलाचा एकगठ्ठा, वर्षातून मोजक्या वेळा हातात पडणारा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बिल चौदा दिवसांत द्यावं असं म्हटलं आहे; ते एकरकमी मिळावं म्हणून कोल्हापूर-सांगलीत दर हंगामाला आंदोलनं होतात, यावरून प्रत्यक्ष काय घडतं ते समजावं. असा हप्त्यांनी आलेला पैसा हप्त्यांनीच घरात मुरतो. आधी सोप्यापुढे कट्टा, मग परड्याच्या बाजूला स्वयंपाकघर, मग कौलं काढून स्लॅब, मग गच्चीवर पत्र्याचं शेड, शेवटी मजला. आणि हे सगळं बहुतेक वेळा घरमालक स्वतःच्या अंगावर करतो. सिमेंट-सळई तो आणतो, गवंडी मजुरीवर लावतो, नकाशा डोक्यात असतो.

स्वतःच्या हिमतीने घर वाढवण्याच्या या रीतीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. शिकलेल्या लोकांचं मत असं की हे धोक्याचं आहे, सगळं काम जाणत्या कंत्राटदाराकडे द्यावं. गावाचं मत असं की यात विशेष काही नाही, गवंडी चांगला असला की झालं. दोन्ही मतांत खोलीकडे खोली म्हणून पाहिलं जातं, घोटाळा तिथेच आहे. नवी खोली स्वतःच्या जागी बहुधा नीटच बांधलेली असते. नव्या विटा, नवं सिमेंट, नवी सळई. तिला पडायला कारण नसतं. वाढीव बांधकाम बिघडतं ते नवं जुन्याला जिथे टेकतं, चिकटतं किंवा लटकतं तिथे. ती जागा जाणत्याच्या डोक्याने ठरवून घेतली, तर बाकीचं जवळजवळ सगळं काम घरमालकाने स्वतः करायला हरकत नाही. आणि ती जागा अंदाजावर सोडली, तर बाकीचं काम कितीही महागड्या माणसाने केलं तरी उपयोग नाही.

याचा सर्वांत उघड पुरावा सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेत घरामागे लाकडी मोकळा सोपा जोडायची हौस मोठी. त्याला तिकडे डेक म्हणतात, आणि शनिवार-रविवारी स्वतःच्या हाताने तो ठोकणारे लोक पुष्कळ. असे डेक माणसांसकट कोसळल्याच्या घटनांच्या तपासात एक कारण पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे. डेकच्या तुळ्या, फळ्या, खांब शाबूत असतात. घराच्या भिंतीला लावलेली जी आडवी फळी सगळा भार घेते, ती बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असते, किंवा तिच्यामागे पाणी मुरून भिंतीचं लाकूड कुजलेलं असतं. खिळा खाली दाबणारं वजन पेलतो, पण बाहेर ओढणाऱ्या जोरापुढे टिकत नाही. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे इमारतीची एक बाल्कनी तुटून सहा तरुण दगावले. तीही भिंतीला जिथे मिळत होती तिथेच, आतल्या लाकडात पाणी मुरल्यामुळे तुटली. ते बांधकाम कुणा हौशी माणसाचं नव्हतं, व्यावसायिकांचं होतं. म्हणजे दोष हाताच्या कौशल्याचा कमी आणि जोडाकडे झालेल्या दुर्लक्षाचा अधिक.

आपल्याकडे लाकडाच्या जागी काँक्रीट आलं, पण प्रश्न तोच राहिला आणि तो जमिनीपासून सुरू होतो. वारणेच्या काठाची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पन्हाळ्याच्या उताराकडे सरकावं तसा मुरूम आणि वर जांभा लागतो. पाच-सहा मैलांत जमिनीचा स्वभाव असा बदलतो, आणि गवंड्याच्या तोंडी मात्र पायाचं एकच माप असतं. जुनं घर तीस-चाळीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं. त्याला चिकटून काढलेली खोली अजून बसायची असते, आणि ती बसणार हे नक्की. किती, एवढाच प्रश्न. दोन्ही भिंती दात काढून एकमेकींत गुंतवल्या, तर नवी भिंत खाली जाताना जुनीला ओढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कोपऱ्यात तिरकी भेग उठते. गिलावा खरडून ती बुजवली जाते, पुढच्या वर्षी ती परत येते. मग लोक वास्तूला दोष देतात. खरा उपाय गुंतवण्याच्या उलट आहे. नवी खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या कॉलमवर वेगळी उभी करायची, मध्ये इंचभर फट राखायची, आणि ती फट वरून पत्र्याच्या पट्टीने अशी झाकायची की पाणी आत शिरणार नाही आणि दोन्ही बाजूंना आपापली हालचाल करता येईल. ‘फट ठेवायची?’ असं म्हणून घरातली वडीलधारी माणसं नाराज होतात हे खरं. पण आखून ठेवलेली सरळ फट आपोआप पडलेल्या वाकड्या भेगेपेक्षा केव्हाही बरी.

याहून मोठी चूक जमिनीखाली होते आणि ती दिसत नाही. जुन्या पायाला लागून नव्या पायाचा चर सलग खणला आणि तो जुन्यापेक्षा खोल गेला, तर जुन्या भिंतीखालची माती बाजूने मोकळी होते. मातीत दगड रचून केलेला जुना पाया असेल, तर एका रात्रीचा पाऊस पुरतो. म्हणून आधी जुना पाया किती खोल आहे ते पाहायचं, नवा शक्यतो त्याच पातळीला ठेवायचा, आणि खोल जाणं भागच असेल तर चर तुकड्या-तुकड्याने खणून भरत जायचा. हे ज्ञान गूढ नाही, पण नव्या मापाच्या घाईत ते बाजूला पडतं.

आता गच्चीवरच्या त्या सळयांकडे वळू. वर मजला चढवायचा म्हणजे खालच्या कॉलमच्या सळईला वरची सळई जोडायची. एकमेकींलगत बांधताना दोघींची सोबत सळईच्या जाडीच्या साधारण पन्नास पट हवी असा कामावरचा ढोबळ नियम आहे. १६ मिलिमीटरच्या सळईला म्हणजे ८०० मिलिमीटर, अडीच फुटांहून थोडं जास्त. गच्च्यांवर दिसणारे तुकडे पुष्कळदा त्याहून आखूड असतात. शिवाय दहा-पंधरा पावसाळे उघड्यावर काढल्याने गंजाचे पापुद्रे सुटून त्यांची जाडीही कमी झालेली असते. पातळ सिमेंटचा थर देऊन किंवा निदान हलक्या काँक्रीटने झाकून त्या राखता आल्या असत्या. तेवढा खर्च कुणी करत नाही. मग हल्ली भोक पाडून केमिकलने नवी सळई बसवतात. तो मार्ग चांगला आहे, पण भोकातली धूळ फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढली तरच. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि सळई हाताने हलवून पाहिली तरी ते कळत नाही. हे सगळं झाल्यावरही मूळ प्रश्न उरतो : खालचा पाया या मजल्यासाठी धरला होता का? पाच इंची स्लॅबचं शंभर चौरस फुटांना वजन जवळजवळ तीन टन भरतं. नऊ इंची विटांची दहा बाय दहाची एक भिंत चार टनांच्या घरात जाते. हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. ‘एकच तर खोली आहे वर’ असं म्हणताना पंचवीस-तीस टनांची गोष्ट चाललेली असते. जिथे खाली कॉलम नाहीतच, नुसत्या जुन्या भिंती आहेत, तिथे तर हा हिशोब आधी कागदावर व्हायला हवा. खालचं दुकान मोठं करण्यासाठी मधली भिंत किंवा खांब काढायचा मोह ही याचीच दुसरी बाजू. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण करताना खांबांना हात लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला होता.

वजनाची भीती वाटली की लोक पत्र्याच्या शेडकडे वळतात. आपल्याकडचा डेक म्हणायचा तर तोच : वर पत्रा, खाली गच्ची, संध्याकाळी बसायला जागा, हंगामात धान्य वाळवायला आणि लग्नात पंगतीला सोय. वजनाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलो भरतो. पण इथे भार उलटा फिरतो. महाराष्ट्रात देशावरच्या बऱ्याच भागासाठी बांधकामात सेकंदाला ३९ मीटर वाऱ्याचा वेग धरतात, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या पुढे जातो. उघड्या बाजूंच्या शेडखाली वारा शिरला की तो पत्र्याला वर उचलतो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नसतं. एप्रिल-मेमध्ये वळीव झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात त्या याच कारणाने. त्यातही पत्रा फाटतो क्वचित. बहुधा पाइपाची पायपट्टी चार इंची कठड्याच्या विटांसकट उपटून येते. कठडा भार घ्यायला बांधलेलाच नसतो. पाइप खालच्या कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावर यावा, बोल्ट काँक्रीटमध्ये खोल जावेत, आणि बोल्टाभोवती पाणी साचू नये म्हणून बैठक थोडी उंच करावी, एवढं केलं तर बाकी शेड गावातल्या कोणत्याही वेल्डरकडून खुशाल करून घ्यावं. रंग तर घरच्यांनीच मारावा.

बाल्कनीचं मात्र तसं नाही. भिंतीबाहेर लटकणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण ताण वर येतो. खोलीच्या स्लॅबमध्ये ती खाली असते. वर्षानुवर्षं खोल्यांचे स्लॅब टाकणारा हात सवयीने बाल्कनीतही तीच रीत लावू शकतो. किंवा सळई बरोबर वर बांधलेली असते, पण तिच्याखाली आधाराच्या चेअर नसतात आणि काँक्रीट ओतताना घमेली घेऊन ये-जा करणारी माणसं तिला तुडवून खाली दाबतात. वरून काँक्रीट पडलं की चूक कायमची झाकली गेली. शिवाय बाहेर लटकणाऱ्या भागाला तोलून धरण्यासाठी तीच सळई आत पुरेशी लांब जावी लागते. जुन्या स्लॅबला मागाहून बाल्कनी जोडताना नेमकं तेच शक्य नसतं. म्हणून जुन्या घराला नवी लटकती बाल्कनी स्वतःच्या हिमतीवर जोडू नये, हे सरळ सांगितलेलं बरं. हवीच असेल तर जमिनीपासून खांब उभे करून त्यावर करावी.

आजोबांनी कोणताही इंजिनीअर न बोलावता बांधलेलं घर शंभर वर्षं उभं आहे, हा या सगळ्यावरचा ठरलेला आक्षेप. घर उभं आहे हे खरंच. पण ते अडाणीपणाने उभं राहिलेलं नाही. खणाच्या मापाने चालणारं, लाकडी खांब-तुळईवर छप्पर तोलणारं आणि भिंतीवर फारसा भार न टाकणारं ते घर सुतार-गवंड्यांच्या पिढ्यांनी पारखलेल्या नियमांनी बांधलेलं असे. त्या नियमांत स्लॅब नव्हता. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर काँक्रीट टेकवणं, किंवा तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून आतली ओल आतच कोंडणं, हे आजोबांनी केलेलं नव्हतं, नातवाने केलं. दुसरं असं की जी घरं पडली ती दिसत नाहीत. डोळ्यांसमोर फक्त टिकलेली असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्यात जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेली परंपरागत माळवदंच माणसांवर कोसळली. आपल्याकडे पाऊस जास्त म्हणून कौलारू छप्परं, ती तुलनेने हलकी. पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जिथे झाला ते ठिकाण कोडोलीपासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपासच आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती विरघळून घरं बसली, ती आठवण तर ताजी आहे.

मग सगळं कंत्राटदाराकडे सोपवावं का? पुरावा तसं सांगत नाही. किल्लारीनंतर सरकारने जी गावं नव्याने वसवली त्यांच्याखेरीज तेरा जिल्ह्यांत पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांच्या हातूनच झालं. पैसे आणि साहित्य टप्प्याने मिळे, कनिष्ठ अभियंता येऊन काय करायचं ते दाखवी आणि काम मालक करून घेई. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही बहुतेकांनी आपली घरं आपणच बांधली. याला वास्तुशिल्पींनी दिलेलं रूप आपल्या राज्यातच आहे : चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला वसवलेलं आर्टिस्ट्स व्हिलेज. तिथे शेजाऱ्यांची भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याला धक्का न लावता आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं वाढवलं की मूळची घरं आता शोधावी लागतात, आणि कोरियांच्या चाहत्यांना त्याचं वाईट वाटतं. पण वाढवण्यासाठीच जर ती घरं दिली होती तर ती वाढली यात बिघडलं काय? चिलीच्या इकिके शहरात आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ मध्ये सुमारे शंभर कुटुंबांना अर्धी घरं बांधून दिली. पाया, मुख्य भिंती, छप्पर, जिना, न्हाणीघर हे अवघड अर्धं तज्ज्ञांनी केलं. मधली मोकळी जागा कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे भरली. २०१६ चा प्रित्झ्कर पुरस्कार त्यांना मिळाला त्यात या कामाचा वाटा मोठा होता. कामाची ही वाटणी कोडोलीच्या घरमालकाला जशीच्या तशी लागू पडते, फक्त त्याच्या बाबतीत अवघड अर्धं म्हणजे जुन्या-नव्याचा जोड.

अनुभवी गवंडी आहे, तो सांभाळेल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण गवंडी खरोखरच पुष्कळ सांभाळतो. ओळंबा, काटकोन, पाण्याच्या नळीने काढलेली पातळी, विटेचा थर यांत त्याला कुणी शिकवू नये. पण त्याचा अनुभव दिसणाऱ्या गोष्टींचा असतो. वीस वर्षांनी सळई गंजून स्लॅबचे पोपडे सुटतात तेव्हा तो तिथे नसतो, म्हणून त्या चुकीतून तो शिकतही नाही. स्लॅबच्या दिवशी हे लख्ख दिसतं. नारळ फुटलेला, मिक्सर चालू, जेवणाची तयारी, आणि माल भराभर पसरावा म्हणून मिक्सरमध्ये पाण्याची बादली बिनहिशोबी रिकामी होते. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं, तेही ओल्या वाळूतलं धरून. त्यापुढचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यांतूनच पुढे ओल सळईपर्यंत पोहोचते. पाण्याची बादली मोजायला इंजिनीअर लागत नाही. तिथे उभं राहणारा, न लाजणारा घरचा माणूस लागतो, आणि तो कंत्राटदाराच्या कोणत्याही मुकादमापेक्षा सरस ठरतो. तसंच नंतर पाणी मारण्याचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला, जे हल्ली बहुतेक दुकानांत मिळतं, किमान दहा दिवस स्लॅब ओला राहायला हवा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढू नयेत असं भारतीय मानक ४५६ सांगतं. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात. इथे मालकाने अडून बसावं.

राहिला पैशाचा आणि परवानगीचा मुद्दा. परवडत नाही म्हणून इंजिनीअर टाळला जातो, पण संपूर्ण देखरेखीची गरज इथे नाहीच. पायाचा चर खणल्यावर एकदा, सळई बांधून झाल्यावर काँक्रीटच्या आदल्या दिवशी एकदा, आणि जोडाचा एक कागदी तपशील. एवढ्याचं मोल बाथरूमच्या टाइल्सच्या खर्चापुढेही फार मोठं ठरत नाही. परवानगीचंही पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. गावठाणात बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी ही १९५८ च्या कायद्यातली जुनीच तरतूद. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनंतर दीडशे आणि तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठी कागदपत्रांची वाट बरीच सोपी झाली. लोक परवानगीला घरपट्टी वाढण्याच्या भीतीने टाळतात. पण कागदावर नसलेली खोली कर्जाच्या वेळी आणि पुराच्या पंचनाम्यात अडचणीची ठरते, आणि वाटणीच्या वेळी भावाभावांत खटल्याचं कारण होते.

म्हणून घर वाढवू पाहणाऱ्याला सांगणं एवढंच. जमिनीवर टेकलेला सोप्यापुढचा कट्टा, भराव, कोबा, फरशी, रंग, शेडचे दरवाजे, पाणी मारणं, पोती मोजणं हे सगळं बिनधास्त आपल्या हाताने करा. त्यात चूक झाली तर फरशी उखडेल, जीव जाणार नाही. गाळप सुरू होऊन बिल हातात येईपर्यंत पावसाळा सरलेला असतो आणि जमीन खणण्याजोगी झालेली असते. तेव्हा विटांची गाडी सांगण्याआधी जिथे नवी खोली यायची तिथे जुन्या भिंतीलगत एक हातरुंद खड्डा खणा, जुना पाया किती खोल गेला आहे आणि खाली काळी माती आहे की मुरूम हे पाहा, आणि माप कागदावर लिहून तो कागद इंजिनीअरपुढे ठेवा. खड्डा खणायला कुदळ, टेप आणि अर्धा दिवस लागतो. पाहून झाल्यावर तो त्याच दिवशी ठोकून भरून टाका.